तळ्यावरच्या कोळ्यांचे स्वेटर

रविवारचं वर्तमानपत्र रान्नवेगने तिसऱ्यांदा भिंगाखाली धरलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. चौथ्या पानावर राजधानी रेक्याविकमधल्या सॉसेजच्या टपरीपुढची रांग छापली होती. बातमी थंडीची होती. रांगेत एक माणूस पाठमोरा उभा होता, कानापर्यंत टोपी, मान खांद्यांत खुपसलेली आणि अंगात लोकरीचा स्वेटर. स्वेटरच्या खालच्या काठावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ होती, आणि त्या ओळीत डावीकडून सातवा ठिपका तपकिरी होता.

"हा माझा आहे," रान्नवेग म्हणाली. आपण विणलेल्या प्रत्येक स्वेटरवर ती हीच खूण सोडायची.

"कोण, तो माणूस?" थुराने सुयांवरून मान वर न करता विचारलं.

"स्वेटर. हा मलावीत असायला हवा. तळ्यावर. हा इथे सॉसेज खात काय करतोय?"

स्वयंपाकघरात पाच बायका बसल्या होत्या आणि त्यांतल्या चौघी एकदम टाके मोजायला लागल्या. रान्नवेगने ते पाहिलं आणि मनात टिपून ठेवलं. क्राकाविक गावच्या पोस्टात अडतीस वर्षं काढलेली बाई ती. पाकीट नुसतं हातात घेऊन आत लग्नपत्रिका आहे की वकिलाची नोटीस हे सांगायची. चार वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली आणि त्याच दिवशी पोस्टही बंद झालं, पण संशय घ्यायची सवय काही निवृत्त झाली नव्हती.

स्वेटरचं प्रकरण सुरू झालं होतं टीव्हीमुळे. आपला देश मलावीतल्या एका भल्यामोठ्या तळ्यावरच्या कोळ्यांना मदत करतो, अशी बातमी तीन हिवाळ्यांपूर्वी लागली होती. पडद्यावर कोळी होड्या लोटत होते आणि सगळे उघडेबंब. रान्नवेगला ते पाहवेना. तिचा बाप समुद्रावर, नवरा समुद्रावर, आणि लोकरीशिवाय होडीत चढलेला माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. तिथे ऊन किती असतं, हे तिने विचारलंच नाही. पाणी ते पाणी आणि त्यावरचा वारा तो वारा, असा तिचा सरळ हिशेब होता. दुसऱ्याच रविवारी तिने बायका गोळा केल्या. तीन हिवाळ्यांत त्रेसष्ट स्वेटर झाले. रान्नवेग ते स्वतः खोक्यांत भरायची, सुतळीने दुहेरी बांधायची, पत्त्याची चिठ्ठी चारही बाजूंनी चिकटवायची आणि परराष्ट्र खात्यात परदेशी मदतीचं काम बघणाऱ्या स्काफ्तीकडे धाडायची. स्काफ्ती तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा.

"दर वेळी त्याचं उत्तर येतं," ती आता म्हणाली. "माल योग्य ठिकाणी पोचला. योग्य ठिकाणी म्हणजे कुठे? गावाचं नाव लिहायला शाई संपते का याची? कुठेतरी पाणी मुरतंय."

"असतील गं एकसारखे स्वेटर," थुरा म्हणाली. "क्लाइनुर छान झालेत तुझे आज."

क्लाइनुर म्हणजे पीळ घालून तळलेले शंकरपाळेच, आणि आज ते जरा करपले होते. थुराने करपलेल्या गोष्टीची तारीफ केली हेही रान्नवेगने टिपून ठेवलं. मग ती कॉफीची किटली घेऊन उठली आणि नेहमीप्रमाणे कोणाला काही न विचारता सगळ्यांचे कप काठोकाठ भरले. सगळ्यांत म्हातारी ओद्दनी, वय चौऱ्याऐंशी, डोळ्यांनी जवळजवळ अधू, सगळं बोटांनी विणायची. तिने कप चाचपला, एक उसासा सोडला आणि मुकाट्याने घोट घेतला.

मंगळवारी सकाळच्या छोट्या विमानाने रान्नवेग राजधानीत उतरली. दात दुखतोय असं तिने सांगितलं होतं. स्काफ्ती तिला घ्यायला आला, बॅग उचलली, गालाला गाल लावला आणि घरी नेऊन धुरी दिलेलं मटण, बटाटे, वाटाणे, वर केक असं पुढ्यात मांडलं. रान्नवेगचा संशय पक्का झाला. हा मुलगा लहानपणी शेजाऱ्याची काच फोडून आला होता, तेव्हाही असाच प्रेमाने वागला होता.

"दात दुखतोय ना मावशी? मटण चावेल का?"

"चावेन. स्काफ्ती, माझे स्वेटर कुठे आहेत?"

स्काफ्तीचा काटा हवेतच राहिला. "योग्य ठिकाणी," तो म्हणाला.

"गावाचं नाव सांग."

"मावशी, आधी तरणतलावावर जाऊ या का? प्रवासाने अंग आंबलं असेल तुझं."

त्याने घोडचूक केली ती इथे. रेक्याविकमध्ये कोणाचं तोंड बंद ठेवायचं असेल तर त्याला कुठेही न्यावं, गरम पाण्याच्या हौदात नेऊ नये. बाहेर बर्फ भुरभुरत असतं, आत माणसं गळ्यापर्यंत बुडून बसलेली असतात, आणि करायला दुसरं काही नसल्यामुळे देशाचा कारभार तिथेच चालतो. रान्नवेगने चष्मा कपाटात ठेवला होता. वाफेत समोर एक पन्नाशीची बाई होती, बाकी सगळी नुसती डोकी होती.

"कुठून आलात?" त्या बाईने विचारलं.

"क्राकाविकहून. चोर पकडायला."

"मावशी," स्काफ्ती पुटपुटला.

"तू गप्प बस. बाई, या देशाचं परदेशी मदत खातं गरिबांचे स्वेटर गिळतं. त्रेसष्ट स्वेटर आम्ही पाच बायकांनी मलावीतल्या कोळ्यांसाठी विणले. आणि ते इथल्या सॉसेजच्या रांगेत उभे आहेत. पुरावा आहे माझ्याकडे, तपकिरी टाका."

सगळी डोकी हळूहळू त्यांच्याकडे वळली. समोरची बाई छातीपर्यंत पाण्यातून वर आली.

"स्काफ्ती," ती म्हणाली, "कुठले स्वेटर?"

"सांगतो, हेर्दिस," स्काफ्ती म्हणाला आणि नाकापर्यंत पाण्यात गेला. हेर्दिस म्हणजे त्याच्याच खात्याची मंत्री. या देशात मंत्र्यालाही नावानेच हाक मारतात, पण ज्या आवाजात मारायची तो आवाज स्काफ्तीला त्या दिवशी सापडला नाही.

वळलेल्या डोक्यांपैकी एक डोकं रेडिओवर काम करणारं होतं. दुपारच्या बातम्यांत 'मलावीसाठी दिलेले स्वेटर वाटेत गायब झाल्याचा संशय' असं आलं. चारच्या बातम्यांत त्रेसष्टचे सहाशे झाले. पाच वाजता विरोधी पक्षाच्या एका सभासदाने संसदेत प्रश्न टाकला, आणि सहा वाजता हेर्दिसचा फोन आला, की उद्या सकाळी नऊ वाजता स्काफ्तीने मावशीला घेऊन कचेरीत यावं आणि समाधानकारक उत्तर नसेल तर टेबलाच्या खणातलं आपलं सामान न्यायला पिशवीही आणावी.

स्काफ्तीने पिशवी शोधून ठेवली. त्याची बायको पोटुशी होती, घर नवं होतं, आणि पावणेचार लाख माणसांच्या देशात परदेशी मदतीची दुसरी कचेरी नव्हती.

"तरी सांगणार नाहीस?" रान्नवेग म्हणाली. आता तिलाच कसंतरी व्हायला लागलं होतं. चोर पकडायचा होता हे खरं, पण तो आपल्या बहिणीचा नसता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं.

"उद्या दाखवतोच," स्काफ्ती म्हणाला.

तेवढ्यात थुराचा फोन आला. "रान्नवेग, रेडिओवर ऐकलं. परत ये तू. राहू दे ते सगळं."

"राहू का देऊ? तुला काय माहीत आहे?"

"मला काही माहीत नाही," थुरा इतक्या घाईने म्हणाली की रान्नवेगने तिचंही नाव संशयितांच्या यादीत घातलं.

सकाळी नऊ वाजता हेर्दिस टेबलामागे बसली होती आणि समोरच्या खुर्चीत रान्नवेग; स्काफ्ती तिला तिथे बसवून कोणाला तरी आणायला गेला होता. पुढ्यात देशाच्या मदत धोरणाची चाळीस पानी पुस्तिका होती. दार उघडलं, स्काफ्ती आत आला, आणि त्याच्या मागोमाग एक उंच, काळासावळा तरुण आला. अंगात स्वेटर. रान्नवेगने नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत न पडता त्याला खांद्याला धरून पाठमोरा फिरवला, काठ उलगडला आणि मोजलं. सातवा ठिपका तपकिरी होता.

"हा मासाउको," स्काफ्ती म्हणाला. "मलावीचा. त्याच तळ्यावरचा. मासेमारीच्या शिक्षणासाठी सहा महिने इथे आलाय."

रान्नवेगने हात सोडला. क्षणभर तिला वाटलं की आपण हरलो, आणि हरल्याचा तिला फार आनंद झाला. "म्हणजे पोचले होते," ती म्हणाली. "पोरा, रात्री तळ्यावर ऊब देतो ना रे हा?"

मासाउकोने स्काफ्तीकडे पाहिलं. त्याला इथली भाषा बेताचीच यायची, खोटं बोलण्याइतकी तर मुळीच येत नव्हती. "आजी, तळ्यावर आम्ही बनियनसुद्धा काढून ठेवतो," तो म्हणाला. "फार उकडतं. हा मला इथे मिळाला, विमानतळावर. तुमच्या भाच्याने दिला. माझं पातळ जॅकेट बघून त्याला रडू आलं असावं. हा नसता तर मी पहिल्याच आठवड्यात परत गेलो असतो."

"पण मग तुम्हाला तिकडे काय पाठवतात?"

"आम्ही मागितलं ते. बर्फाचं यंत्र."

रान्नवेगला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिने आयुष्यभर बर्फ फावड्याने दाराबाहेर लोटला होता. तो कोणी अर्ज करून मागेल हे तिच्या डोक्यात शिरेना.

"मासळी दुपारपर्यंत नासायची," मासाउको म्हणाला. "आता बाजारापर्यंत टिकते. माझी आई मासळी विकते. ती त्या यंत्राला रोज सकाळी हात लावून नमस्कार करते."

हेर्दिसने पुस्तिका उघडून पहिलं पान रान्नवेगपुढे सरकवलं. "पहिलंच कलम आहे. ज्याला मदत करायची, त्याला आधी विचारायचं. तिथल्या लोकांनी स्वेटर नकोत असं तीन वर्षांपूर्वीच कळवलं होतं. स्काफ्ती, हे तू यांना का नाही सांगितलंस?"

"तू सांग ना," स्काफ्ती म्हणाला. "बस समोर आणि सांग."

हेर्दिसने रान्नवेगकडे पाहिलं आणि पुस्तिका मिटली.

दुपारच्या बातम्यांत मंत्र्यांचा खुलासा आला. तळ्यावरच्या कोळ्यांसाठी विणलेले स्वेटर तळ्यावरच्या कोळ्यांच्या आणि त्यांच्यासारख्याच इतर देशांतून शिकायला आलेल्या पाहुण्यांच्या अंगात आहेत, आणि ते अत्यंत समाधानी आहेत. त्यात खोटा शब्द एकही नव्हता. स्काफ्तीने पिशवी घडी करून खिशात घातली.

परतीच्या विमानात रान्नवेगला स्वतःच्या संशयाची लाज वाटली आणि त्याहून मोठी काळजी लागली. बायकांना सांगायचं कसं? बिचारी ओद्दनी बोटं दुखेस्तोवर विणते. तिला कळलं की तळ्यावर उकडतं, तर तिचा हिवाळा कसा सरणार? अडतीस वर्षांत रान्नवेगने पार्सलाबद्दल कधी खोटं सांगितलं नव्हतं. या रविवारी मात्र खोटं सांगायचं असं ठरवूनच ती उतरली.

"पोचले," रविवारी ती म्हणाली. "मी या डोळ्यांनी बघितला. तळ्यावरचा कोळी, मासाउको नाव, अंगात माझा स्वेटर. सुरेख बसला होता. म्हणाला, हा नसता तर माझं काही खरं नव्हतं."

 चौघी टाके मोजत होत्या.

"विश्वास नाही का बसत?" रान्नवेग म्हणाली.

"तिथे उकडतं गं, रान्नवेग," ओद्दनी म्हणाली. "पहिल्याच हिवाळ्यात नातवाने मला नकाशा वाचून दाखवला होता. आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे."

रान्नवेग खुर्चीत बसली. "मग तीन हिवाळे विणत कशाला बसलात?"

थुराने सुया खाली ठेवल्या. "पोस्ट बंद झालं त्या वर्षी तू रोज सकाळी गणवेश चढवून धक्क्यावर जायचीस. होडीतून उतरणाऱ्या लोकांचं सामान मोजायचीस. एकदा पाद्र्याची बॅग उघडून बघितलीस. आम्हाला बघवेना. मग तुझ्या मनात हे स्वेटर आले. म्हटलं, विणू या. हिला खोकी बांधायला काहीतरी हवं."

बाहेर वारा सुटला होता. रान्नवेगने जगातल्या झाडून सगळ्यांवर संशय घेतला होता, भाच्यावर, मंत्र्यावर, थुराच्या तारिफेवर. मदत नेमकी कोणाला चाललीय, हा संशय मात्र तिला एकदाही आला नव्हता. तिचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला रागही आला.

"मला विचारलं होतं का कोणी?" ती म्हणाली. "पहिलंच कलम आहे. आधी विचारायचं."

"विचारलं असतं तर मदत घेतली असतीस?" ओद्दनी म्हणाली.

 रान्नवेगने पर्समधून एक चौकोनी कागद काढून टेबलावर ठेवला. मासाउकोच्या वसतिगृहात त्याच्यासारखेच परदेशातून आलेले, अजून स्वेटर न मिळालेले बावीस जण होते, आणि विमान पकडण्याआधी तिने तिथे जाऊन एकेकाला विचारलं होतं. स्वेटर हवा का, कुठला रंग, छाती किती. एकोणीस हो म्हणाले होते, तिघे नको. नको म्हणणाऱ्यांचीही नावं तिने लिहून आणली होती, आणि मोठ्या कष्टाने त्यांच्यावर संशय घेतला नव्हता. थुराने यादी वाचली आणि लोकरीची टोपली पुढे ओढली.

रान्नवेग किटली घेऊन उठली. ओद्दनीच्या कपापाशी आली, नेहमीप्रमाणे किटली कलती केली आणि मधेच थांबली.

"घेणार का, ओद्दनी?" तिने विचारलं.

"नको गं," ओद्दनी म्हणाली. "तीन वर्षं नकोच होती."