पाण्याची वेळ

आमच्या गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की लोक त्यांचं गाव विचारत, आडनाव विचारत, पगारसुद्धा विचारत. आप्पा एकच विचारत, "पयल्या घरात पाणी किती वाजता येत हुतं?" उत्तरावरून माणसाबद्दलचं त्यांचं मत कायमचं ठरून जाई. पहाटे चारचं पाणी भरणारा माणूस भरवशाचा, आठचं भरणारा आळशी. माझी वेळ साडेपाच निघाली. "चालतंय की," म्हणाले, आणि मी पास झालो.

आप्पा सोलापुरात पाणीखात्यात वॉलमन होते. कोपऱ्यावरचं लोखंडी झाकण उचलायचं, छातीएवढी उंच चावी आत घालून फिरवायची आणि गल्लीला पाणी सोडायचं, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर मी तिथे राहायला गेलो तेव्हा ते निवृत्त झाले होते. बायको वारलेली, एकुलता एक मल्लू इंजिनिअर होऊन कॅनडात गेलेला. आप्पांचं लिहिणं सहीपुरतंच. त्यामुळे मल्लूची पत्रं वाचणं आणि उत्तरं लिहिणं हे शेजारचा मास्तर म्हणून माझ्याकडे आलं.

एकदा मल्लूनं लिहिलं, नवं घर बांधून झालं, आता लाइटचं आणि पाण्याचं कनेक्शन तेवढं राहिलंय. झालं! आप्पांनी दुसऱ्या मिनिटाला मला कागद घ्यायला लावला.

"लिवा मास्तर. नळ दारात खड्डा काढून खाली घे. वर घेशील तर थेंब न्हाय यायचा. साहेबाला अर्ज दे, पर फिटरला च्या पाज. लाइटचा मीटर आत घे, भाईर पोरं दगडं मारत्यात."

मी म्हणालो, "आप्पा, तो कॅनडा आहे."

"असू द्या की. पाणी तिकडंबी उताराकडंच जातंय न्हवं?"

मी तसंच लिहिलं. मल्लूचं उत्तर आलं, की इथे थंडीत पाणी गोठतं म्हणून पाइप पुरुषभर खोल पुरतात. आप्पांनी मांडीवर थाप मारली. "बगा! तितंबी खड्डाच काढत्यात!" पुढचे आठ दिवस गल्लीतल्या प्रत्येकाला कॅनडाचा खड्डा ऐकावा लागला.

दोन्ही कनेक्शनं मिळाली. तरी आप्पांचं समाधान होईना. "पाण्याची वेळ लिवली न्हाय त्यानं. इचारा." मी विचारलं. मल्लूनं लिहिलं, इथे चोवीस तास पाणी असतं.

"चोवीस तास?" आप्पा माझ्याकडे संशयानं बघत म्हणाले, "मग वॉलमन झोपतो कवा?"

त्यानंतरच्या प्रत्येक पत्रात तोच प्रश्न. मल्लूचं उत्तरही तेच. शेवटी मी वैतागलो. "आप्पा, त्याच्याकडे पाण्याला वेळच नाही. कशाला सारखं विचारता?"

आप्पांनी दारातल्या नळाच्या खड्ड्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "मी कोपऱ्यावर चावी फिरवायचो, मल्लू हितं नळाच्या खड्ड्यात उभा असायचा. मी तितनं वराडायचो, 'आलं का रं?' त्यो हितनं वराडायचा, 'आलं आप्पा!' लहान हुता तवापासनं. आता येळ कळली तर तेवड्या येळंला तरी पोरगं कुटं उभं हाय त्ये मला कळंल की."

मला माझ्या वैतागाची लाज वाटली. ते वाक्य आप्पांनी पत्रात लिहायला सांगितलं नव्हतं. मी आपल्या मनानं, त्यांच्याच शब्दांत, शेवटी लिहून टाकलं.

उत्तराला महिना लागला. या वेळी पत्र चारच ओळींचं होतं. मी मोठ्यानं वाचलं: "आप्पा, मागे चुकून चोवीस तास लिहिलं. इथे पाणी सकाळी साडेसहाला येतं. तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. आलं आप्पा!"

आप्पांनी पत्र हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि हसले. "खोटं लिवतंय बेणं. तीस वर्सं वॉलमन हुतो मी. पाइप एवडा खोल पुरणारी मानसं पाणी बंद करत असत्याल व्हय?"

मी मान खाली घातली. त्यांचं ते वाक्य परस्पर लिहून टाकल्याची माझी लबाडी उघडी पडली होती.

तेवढ्यात त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचला दोनच मिनिटं कमी होती. ते उठले, कोरड्या नळाच्या खड्ड्याशी जाऊन उभे राहिले आणि पत्र माझ्यापुढे धरलं.

"मास्तर, त्ये शेवटचं तेवडं परत वाचा की. जरा मोठ्यानं."