वाटी भरू द्या तिची

सुपडूनाना रोज सकाळी चहाच्या आधी बॉनेटवर पालथा हात ठेवून गाडीचा ताप बघतात. मग वाकून कान लावतात. मग गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतात, "रात बरी गेली पेशंटची."

हा माणूस जन्मभर एका डॉक्टरकडे कंपाउंडर होता. डॉक्टर वारले, दवाखान्याला कुलूप लागलं, आणि नानांच्या हाती एकच पेशंट उरला. जुनी, पांढरी, गोल डोळ्यांची गाडी. तसली गाडी आता जळगावात दुसरी दिसत नाही. आणि मी सांगतो, त्याचं कोणाला वाईटही वाटत नाही.

मी दालमिलमध्ये पोती वाहिली. शाळा चौथीपर्यंत. यंत्रातलं मला काही कळत नाही, पण नानांच्या शेजारी इतकी वर्षं राहिल्यावर म्हशीलाही कार्बोरेटर कळेल. कार्बोरेटरला एक वाटी असते. वाटीत तरंगा. संडासाच्या टाकीत गोळा असतो ना, तसाच. पेट्रोल भरलं की तरंगा वर येतो, सुई ढकलतो, तोंड बंद. वाटीतलं पेट्रोल उतरलं की तोंड उघडं. या वाटीतलंच पेट्रोल हवेत मिसळून इंजिनात जातं.

पहिला पंप इंजिनालाच चिकटलेला होता. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी भर रस्त्यात मान टाकायची. म्हणून नानांनी मागे, टाकीजवळ, विजेचा पंप बसवून घेतला. मेकॅनिकनं बसवला तो फार जोराचा. सुई त्या जोरापुढे टिकेना, पेट्रोल उतू गेलं, गल्लीभर वास. बायका पदर नाकाला लावून बाहेर आल्या. नाना मेकॅनिकवर ओरडले, "अरे, बीपी वाढवलं ना तू तिचं! तिले नाही सोसत!" मग मध्ये दाब कमी करायची डबी लावली, तेव्हा कुठे पेशंट शांत झाला.

तेव्हापासून चावी अर्धी फिरवली की मागून टकटक सुरू होते. आधी भरभर, मग सावकाश, मग बंद. ती बंद होईपर्यंत नाना इंजिन चालू करत नाहीत आणि गाडीत कोणाला बोलू देत नाहीत. बोट ओठावर. "थांबा ना भो. वाटी भरू द्या तिची."

"फिरवा ना चावी!" मी दर वेळी म्हणायचो.

"सलाईन लावल्याबरोबर पेशंट पळतो का?"

पंपासाठी त्यांनी स्टिअरिंगखाली घरातल्या दिव्याचं साधं बटण बसवलं आहे. चोरांसाठी म्हणे. बटण बंद करून ठेवलं, तर चोर गाडी नेणार ती वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत. "चौकापर्यंत जाईन तो, तिथंच बसीन बोंबलत." गल्लीतले म्हणायचे, "नाना, चोराले चहा पाजून बोलावलं तरी नेणार नाही तो." नानांना राग येत नाही. नाना बॉनेट पुसतात.

मला मात्र या गाडीची फार लाज. माझी बायको इंदू शेवटी शेवटी वरचेवर आजारी असायची आणि दवाखान्यात नेणार कोण, तर नाना. ती पुढे बसायची, ऐटीत, काच खाली करून. मी मागे. दालमिलच्या गेटवरून गाडी गेली की मी चप्पल शोधायच्या निमित्तानं खाली वाकायचो. इंदूला हे बरोबर कळायचं. "नाना, हळू चालवा," ती म्हणायची, "यांची चप्पल अजून सापडली नाही."

नाना तिला अक्का म्हणायचे. नानांची स्वतःची बायको आम्ही या गल्लीत येण्याआधीच गेली. त्या विषयावर मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नाही. गाडीला डिझेलचं इंजिन बसवायचा विषय निघाला तर उठून जातात, तसेच त्या विषयालाही उठून जायचे.

मागच्या महिन्यात इंदू गेली.

घर माणसांनी भरलं. पोरगा प्रकाश पुण्याहून आला, मेहुणे आले, बायका आल्या. जो तो मला धरून खुर्चीवर बसवायचा. "आबा, तुम्ही बसा." आंघोळ तिला दुसऱ्यांनी घातली, अग्नी पोरानं दिला, राख दुसऱ्यांनी सावडली. मी बसलो. इतका संसार केला, पण तिच्याजवळ एकटं बसायला मला क्षणभर मिळालं नाही. आणि चार माणसांत मला रडता येत नाही. लाज वाटते. दालमिलमध्ये पाठीवरून पोतं पडून पाय मोडला तेव्हाही मी रडलो नव्हतो.

अस्थी चांगदेवला न्यायच्या ठरल्या, तापी-पूर्णेच्या संगमावर. प्रकाशची मोठी गाडी दारात होती. तिच्यामागे नानांची. धुतलेली, सीटवर पांढरी चादर. नाना पुढचं दार उघडून उभे राहिले. इंदू बसायची तेच दार.

"आबा, आज तरी नको ना," प्रकाश हळूच म्हणाला. "पाहुणे बघताहेत."

मला नाही म्हणायचं होतं. पण मडकं माझ्या हातात होतं आणि पाय त्या दाराकडे गेले.

भुसावळ गेलं. दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी मागे पडली. दोन्हीकडे केळी लागली आणि गाडीनं दोन आचके दिले आणि बसली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. प्रकाश पुढून परत फिरला, काच खाली करून म्हणाला, "मी सांगितलं होतं." त्याच्या मागच्या सीटवरून मेहुणे माना काढून बघत होते. मला जमीन दुभंगावी असं झालं.

"तुम्ही पुढं व्हा, गुरुजी खोळंबतील," नाना म्हणाले. "आम्ही आलोच."

ते गेले आणि मी तोंड सोडलं. "आजचा एक दिवस नाही चालवता आली तुले? मेलेल्या बाईले घाटापर्यंत नेता येत नाही आणि बीपी बघतो! फेक ही भंगारात!" आयुष्यात पहिल्यांदा मी नानांना अरेतुरे केलं.

नाना उतरले. बॉनेट वर केलं आणि त्याच्या आड गेले.

समोरची सगळी काच पांढऱ्या पत्र्यानं झाकली गेली. रस्ता दिसेना, नाना दिसेनात. केळीच्या पानांची सळसळ, बस्स. मांडीवर मडकं. वरचं फडकं उन्हानं ऊबदार झालं होतं. मी त्यावर हात ठेवला, नाना बॉनेटवर ठेवतात तसा. म्हटलं, "इंदे, चप्पल सापडली गं."

मग मला काही आवरलं नाही. म्हातारा माणूस कसा रडतो ते सांगण्यासारखं नसतं.

बऱ्याच वेळानं बॉनेट खाली आलं. नाना आत येऊन बसले. पुसायच्या कापडाची घडी तशीच, हात स्वच्छ. बोटाला काळं म्हणून नव्हतं. त्यांनी माझ्याकडे न बघता स्टिअरिंगखाली हात घातला. खट्.

मागे टकटक सुरू झाली. भरभर.

"नाना," मी म्हटलं, "बटण बंद केलं होतं तुम्ही?"

"हां. दीपनगरलेच." ते समोर बघत होते. "माझ्या टायमाले मडकं घेऊन निघालो, तं गाडी एकदम नीट चालली, भो. कुठंच थांबली नाही."

मला तोंड कुठे लपवावं कळेना. या वेळी चप्पल शोधायला वाकताही येत नव्हतं, मांडीवर इंदू होती.

टकटक सावकाश झाली. मग बंद पडली. वाटी भरली होती. तरी नाना चावी फिरवेनात. दोन्ही हात स्टिअरिंगवर, हनुवटी थरथरत होती.

मी काच खाली केली आणि केळीकडे बघत बसलो. फिरवा ना चावी, असं काही मी म्हटलं नाही.