हत्तीण बेटाची सून जाहली त्याची हकीकत

श्रीगजमुख ऐकणारांस सद्बुद्धी देवो. शके सोळाशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरी, फाल्गुन मासी वर्तमान जाहले ते ऐसे. समुद्रात एक लहान राज्य, त्यास गोड्या पाण्याची विहीर एकच. आणि किनाऱ्यावर मोठे राज्य, त्याशी दोस्ती. चाचे आले तर मोठ्याने आरमार धाडावे आणि लहानाने बंदर मोकळे ठेवावे, ऐसा करार. मग मोठ्या राज्याचे महाराज संतोषले आणि वकील यादोपंत यांजबरोबर गलबतावर घालून हत्तीण नजराणा पाठविली. ती उतरली ती थेट विहिरीपाशी गेली आणि बायकांनी भरलेल्या घागरी एका दमात रित्या केल्या. राणी आवडाईसाहेब चिंतेत पडल्या. ठेवावी तर पावसाआधी प्रजा तहानेने मरते, परत करावी तर दोस्ती मोडते, आणि पाणी नाही म्हणावे तर लाज. तो यादोपंत मिशीस पीळ देऊन बोलिले, "आईसाहेब, जनावर म्हणू नका. महाराजांनी लेकीसारखी वाढविली आहे." तेव्हा म्हातारी सुईण चांगुणा पुढे जाहली आणि म्हणाली, "अगबाई, मग ही आमची सून की हो! आणि पोट पाहिलेत का? दिवस गेलेत हिला." पंत म्हणाले, "आजी, हत्तिणीचे पोट असेच असते!" "बाळंतपणे किती केलीत, पंत?" मग राणीसाहेबांनी हत्तिणीची ओटी भरली, हिरवी झूल घातली आणि आज्ञा केली, "पहिले बाळंतपण माहेरी. न्यावी." रीत ती रीत, हत्तीण परत गलबतावर चढली आणि बेटावर साखर वाटली.

पुढे दोन वर्षांनी गलबत पुन्हा दिसले. हत्तीण, तिजमागे पिलू, आणि त्यामागे खुद्द महाराज. म्हणाले, "विहीणबाई, लेक आणि नातू सुखरूप. सासरी पोहोचवावी, हीही रीतच." राणीसाहेबांनी चांगुणेकडे पाहिले, चांगुणेने आकाशाकडे पाहिले. पिलू तोवर विहिरीच्या काठी. मग राणीसाहेब बोलिल्या, "व्याहीबुवा, दोस्तापुढे बोलवेना, पण व्याह्यापासून काय लपवावे? आमच्या घरी यांच्यापुरते पाणी नाही." महाराज हसले, "इतकेच ना? आधी का न सांगितले?" "तुम्ही पुसलेत कुठे?" महाराजांचे हसू मावळले. मग मायलेकरे परत नेली आणि तळे खणावयास बेलदार धाडिले.

ऐसी ही हकीकत. बाळांनो, थोराने देण्याआधी पुसावे, आणि लहानाने तहान लागली तर तहानच म्हणावे. बाकी, रीत पुढे करणाराने तिची दुसरी बाजूही आठवावी, हे चांगुणा मरेतो सांगत असे.