गोळ्यांच्या यंत्राची खंडेनवमी

खंडेनवमीला घरातल्या विळ्यापासून मोटारसायकलपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागलं, आणि कडूबाला कारखान्यातलं गोळ्यांचं यंत्र आठवलं. ते बिचारं कोरडंच राहणार होतं. जिनेंद्रशेठनी बजावून ठेवलं होतं, "पूजा गेटवर करा. आत कुंकवाचा कणसुद्धा नको."

शेठचंही खरं होतं. जालन्यातला बियाण्यांचा पिढीजात धंदा भावाच्या गळ्यात घालून ते रक्तदाबाच्या गोळ्या काढायला निघाले होते. औषधाची पावडरही इथलीच, गोळीही इथलीच. परदेशातली पावडर अडली की सरकारी दवाखान्यातली गोळी संपायची, आणि मग बदनापुरात कडूबाच्या बायकोचं, उषाबाईचं, डोकं गरगरायला लागायचं. दसऱ्यानंतर औषध निरीक्षक येणार, परवाना मिळणार आणि पहिलं पाकीट उषाबाईला, असं शेठनी कबूल केलं होतं.

इतकं सगळं ज्याच्या जिवावर, त्याला कुंकवाचं बोटही लावायचं नाही? कडूबाच्या मनाला ते पटेना. पाळीवर गेल्यावर त्याने यंत्राचं झाकण उघडलं, कुणाला दिसू नयेत म्हणून आतल्या बाजूने हळदकुंकवाची पाच बोटं ओढली आणि हात जोडले.

तपासणीच्या सकाळी मात्र निरीक्षक साहेब झाकण उघडून बघतील हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने ओलं फडकं घेऊन बोटं पुसायला सुरुवात केली. पण ओली हळद पुसल्याने जात नाही, पसरते. पाच बोटांचा एक रुंद पट्टा झाला, तेवढ्यात साहेब आत आले. कडूबाने झाकण लावून टाकलं.

यंत्र सुरू झालं. पहिली गोळी पांढरी आली. दुसरीही. तिसरी गुलाबी.

"ही पांढरी असते ना?" साहेबांनी विचारलं.

"रंग देऊन राह्यलो साहेब," शेठ घाबरून बोलून गेले. "लोकांना ओळखू यावी म्हणून."

"बराबर. रंगाची मंजुरी दाखवा."

ती कुठून असणार? साहेबांनी झाकण उघडलं आणि आतल्या लाल पट्ट्यावरून बोट फिरवून बघितलं.

"कडूबा!" शेठ ओरडले.

"शेठ, मशीन बंद पडू न्हाई म्हणून केल्तं," कडूबा रडकुंडीला येऊन म्हणाला.

मशीन बंद पडलं. सील लागलं. पुढची तपासणी सहा महिन्यांनी.

संध्याकाळी कडूबा घरी आला तेव्हा उषाबाई गोळ्यांचं रिकामं पाकीट उलटंसुलटं करून बघत होती. त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मशीन चाललं का वो?"

"न्हाई. सहा महिने बंद."

उषाबाईने गरगरणारं डोकं दोन्ही हातांनी धरलं.

"मंग पूजेतच कायतरी कमी पडलं," ती म्हणाली. "पुढल्या बारीला नारळ न्या, अन् पार आतमंदी फोडा."