दळवीभाऊंच्या कादंबरीतला खून

दळवीभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी गॅसच्या सिलिंडरची विचारपूस करीत आणि मग यजमानांची. चपला काढून ते सरळ स्वयंपाकघरात शिरत, नळीवरून बोट फिरवीत, खिडकी चार बोटे उघडीत आणि बाहेर येऊन समाधानाने म्हणत, "वारा खेळता ठेवा. हां, आता बोला, कसे आहात?" अल-खोबरच्या आमच्या फ्लॅटमध्ये एअर कंडिशनर घरघरत असे, बाहेर डांबर वितळवणारे ऊन असे, तरी खिडकी उघडली जाई. माझी पत्नी सुनंदा ती त्यांच्या पाठोपाठ बंद करी. निघताना ते पुन्हा उघडीत. एकमेकांना चकार शब्द न बोलता दोघांनी हे भांडण कित्येक महिने मोठ्या सभ्यतेने चालवले.

तेलाच्या पैशावर सौदी अरेबियाच्या वाळवंटात वस्त्या भराभर उभ्या राहत होत्या, त्या दिवसांतली ही हकिगत आहे. दम्मामजवळच्या एका बांधकाम कंपनीत मी स्टोअर्स सांभाळत होतो आणि दळवीभाऊ सेफ्टी ऑफिसर होते. मूळचे राजापूरकडचे, अविवाहित, पन्नाशी ओलांडलेले. राहायला कंपनीच्या कॅम्पात. सारी साइट दिवसभर 'यल्ला, यल्ला' करीत धावत असे, आणि हे एकटे गृहस्थ मध्ये उभे राहून 'सावकाश, सावकाश' म्हणत. त्यांची शिट्टी ऐकू आली की परांचीवरचा माणूस, मग तो केरळचा असो वा पेशावरचा, आपोआप कमरेचा पट्टा चाचपून पाही.

असा हा मनुष्य खुनाची कादंबरी लिहीत होता. तीही व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनच्या चित्रकारांची. लंडन त्यांनी पाहिले नव्हते आणि चित्रकलेशी त्यांचा संबंध धोक्याच्या पाटीवरची कवटी रंगवण्यापुरताच आला होता.

झाले होते असे, की मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज सुपरिंटेंडंटने त्यांना त्या काळातल्या चित्रांचे एक जाडजूड पुस्तक दिले. कस्टमच्या अधिकाऱ्याने कर्तव्यबुद्धीने त्यातल्या झाडून साऱ्या स्त्रियांवर काळी शाई फासलेली होती. बागेत रेशमी छत्री दिसे, छत्रीखाली काळा ढग. एका चित्रात तर एक रुबाबदार तरुण गुडघा टेकून, हातात फुले घेऊन, एका काळ्या डागाला लग्नाची मागणी घालत होता. आम्ही हसलो. दळवीभाऊ मात्र बराच वेळ त्या डागाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "हिचं पुढे काय झालं असेल हो?" त्या प्रश्नातून कादंबरी निघाली.

दर गुरुवारी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सुट्टी म्हणून, आमच्या घरी वाचन होई. श्रोते तिघे: सुनंदा, मी आणि हसनमियाँ मुकादम. हे मुकादम श्रीवर्धनचे. दम्मामच्या बाजारात त्यांचे कापडाचे दुकान होते. कथानक पहिल्याच प्रकरणात स्पष्ट झाले होते. सर आल्फ्रेड नावाचा वृद्ध, नामांकित चित्रकार. त्याची चित्रे विकणारा थॉर्न नावाचा लोभी व्यापारी. चित्रकार मेला की चित्रांचे भाव चढतात, हे थॉर्नला ठाऊक. तेव्हा सर आल्फ्रेडचा खून होणार हे निश्चित होते. फक्त तो होत नव्हता.

त्या काळी एक हिरवा रंग विषारी असे, ही माहिती दळवीभाऊंनी कोठूनशी मिळवली होती. सर आल्फ्रेडना कुंचला ओठांनी टोकदार करण्याची खोड. थॉर्नने हिरव्या रंगाची मोठी बाटली भेट दिली तेव्हा आम्ही सरसावून बसलो. पण पुढच्याच गुरुवारी मेरी नावाच्या मोलकरणीने स्टुडिओच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, म्हाताऱ्याच्या हातातला कुंचला काढून घेतला आणि त्याला रोज दूध सुरू केले. प्रकरणाच्या अखेरीस सर आल्फ्रेडचे वजन वाढले.

मग थॉर्नने स्टुडिओतल्या गॅसच्या दिव्याचा नळ उघडा ठेवला. पण वारा खेळता होता. मग त्याने शिडीची पायरी करवतली. तर खाली शिडी धरायला दोन माणसे उभी. मी विचारले, चित्रकाराच्या घरी शिडी धरायला दोन माणसे कशी? दळवीभाऊ चकित होऊन म्हणाले, "मग काय एकट्यानं चढायचं?"

पाचव्या प्रकरणात इन्स्पेक्टर ग्रे तपासाला आला. खून नसल्याने बिचाऱ्याला काम नव्हते. तो चहा पीत बसला.

मुकादम कळवळून म्हणाले, "दळवीभाऊ, हा इन्स्पेक्टर खुनाचा तपास करायला आलाय की केक खायला?"

"त्याला थोडा वेळ द्या."

"भाऊ, तुमच्या कादंबरीत कुणी मरत नाही," सुनंदा म्हणाली, "वाट पाहून आम्हीच मरणार."

दळवीभाऊ हसले, पण त्यांचीही अडचण खरी होती. पुण्याच्या एका प्रकाशकाने कळवले होते की शैली बरी आहे, परंतु रहस्यकथेत प्रारंभीच खून हवा. तो घालून पाठवल्यास दिवाळीपूर्वी पुस्तक काढू. मुकादम लवकरच गावी निघणार होते आणि हस्तलिखित त्यांच्याच बॅगेतून जाणार होते. छापील पुस्तकावर आपले नाव पाहण्याची दळवीभाऊंची उत्कंठा इतकी, की मुखपृष्ठ त्यांनी स्वतःच रंगवून ठेवले होते आणि नाव किती मोठे असावे, यावर ते आमचे मत पुन्हा पुन्हा घेत. एरवी ज्याला कुणी पत्र लिहीत नव्हते, अशा माणसाचे ते एवढेच मागणे होते.

शेवटच्या गुरुवारीही सर आल्फ्रेड ठणठणीत होते. तेव्हा, मित्रकार्य समजून, त्यांचा खून मीच लिहून नेला. तरुण वय होते. एका पानात मी त्यांना जिन्यावरून ढकलले, मान मोडली, रक्ताचा ओघळ संगमरवरावरून उतरवला. ते पान मला फार आवडले होते. आज मी दळवीभाऊंच्या त्या वेळच्या वयाचा झालो आहे, आणि ते पान आठवले की मान आपोआप खाली जाते.

त्यांनी ते दोनदा वाचले. "छान उतरलंय," ते म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी विचारले, "याच्या घरी कळवणार कोण?"

मी म्हणालो की कादंबरीत सर आल्फ्रेडना घरचे असे कुणी दाखवलेलेच नाही.

"असणार हो कुणीतरी."

आणि मग त्यांनी जे सांगितले ते आम्हा कुणालाच, एकाच कंपनीत असून मलादेखील, ठाऊक नव्हते. साइटवर एखादा माणूस दगावला की कंपनी इंग्रजीत तार करी. पण माणूस आपल्याकडचा असला, तर सुपरिंटेंडंट फोन दळवीभाऊंच्या हाती देई. त्याच्या गावात फोन एकच, पोस्टातला. कॉल लागला की पोस्टमास्तर घरी कुणाला तरी धाडी.

"सौदीहून फोन आलाय एवढंच त्याच्या बायकोला सांगितलेलं असतं," दळवीभाऊ म्हणाले. "ती धावत येते. दम लागलेला ऐकू येतो. लाइन खराब, आवाज ओळखू येत नाही. मी काही बोलायच्या आत ती विचारते, जेवलात का?"

एअर कंडिशनर घरघरत होता.

"मग तुम्ही काय म्हणता?" सुनंदाने विचारले.

"पहिल्यांदा हो म्हणून बसलो," ते म्हणाले. "मग पुढचं सांगायला फार वेळ लागला."

त्यांनी माझ्या पानाची नीट घडी केली आणि ते मला परत दिले. हस्तलिखित मांडीवर तसेच होते, वर त्यांनी रंगवलेले मुखपृष्ठ. त्याच्याकडे कुणी पाहिले नाही. सुनंदा उठून आत गेली. पाणी आणायला गेली असावी, पण बराच वेळ आली नाही. मुकादमांनी दोनदा घसा खाकरला. धंदेवाईक माणूस, सौदा मोडताना त्याला पाहवत नसे.

"दळवीभाऊ," अखेरीस ते म्हणाले, "खून राहू दे. चित्राची चोरी चालंल काय?"

दळवीभाऊंनी चष्मा पुन्हा चढवला.

"घरात कुणी नसताना?"

"कुणीच नसताना. सगळी गावाला गेलेली."

"मग चालेल," दळवीभाऊ म्हणाले, आणि त्यांनी खिशातून पेन काढले.