राणीसाहेबांनी मौनात यंत्र घेतले त्याची हकीकत

श्रीशंभुमहादेवाचे स्मरण करून, घडले तेवढेच लिहावे या बुद्धीने लिहिले. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, वैशाख वद्य चतुर्थी, सोमवार. ते दिवशी राज्यात मोठा आकांत जाहला. उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत ऊब देणारे यंत्र चौदा वर्षे चाकरी करून सकाळी दोनदा खोकले आणि निवर्तले. मग थोरले महाराज, वय वर्षे चौऱ्यांशी, दम्याचे, पलंगावर घामाघूम बसून पुत्रास, म्हणजे राजे त्र्यंबकरावांस, म्हणाले, "त्र्यंबक, दिवस मावळायच्या आत काही तरी कर. मला श्वास पुरत नाही रे." मग खजिना पाहिला, तो सत्तर हजार निघाले. अधिक लागता राणी गिरिजाबाईंच्या पाटल्या मोडणे प्राप्त, आणि त्या तो त्यांच्या मातुश्रींनी हाती चढवलेल्या. मग सदाशेठ नामे यंत्रांचे व्यापारी यांस पाचारण केले. शेठ आले, आणि भिंत ठोठावली, आणि गच्चीवर स्वारी केली, आणि जुन्या यंत्रास हात लावून "हे गेलं" म्हणोन निवाडा दिला, आणि नवे यंत्र, तांब्याची नळी, वायर, बसवणावळ मिळोन ब्याण्णव हजार सांगितले. मग शेठनी राणीसाहेबांकडे पाहिले. राणीसाहेबांचे दर सोमवारी माध्यान्हीच्या आरतीपर्यंत मौन असे, आणि बोटांच्या पेरांवर जप चाललेला. शेठना वाटले, बाई हिशेब मोजतात. "बरं, पंच्याऐंशी," शेठ वदले. बोटे चालतच राहिली. "वहिनी, तांबं किती महागलंय, माहीत आहे ना?" बोटे चालतच. राजे "अहो, आज सोमवार..." म्हणू लागले, तोच थोरल्या महाराजांनी काठीचे टोक त्यांच्या पायावर ठेविले आणि बळ केले. मग काय सांगावे, शेठ जिना उतरावा तैसे उतरू लागले. अठ्ठ्याहत्तर, पंचाहत्तर, बहात्तर. रुमाल भिजला. "वहिनी, असं गिऱ्हाईक उभ्या बाजारात पाहिलं नाही. अडुसष्ट. वर जुनं यंत्र मी उचलून नेतो." इतक्यात बारा वाजले, राणीसाहेबांनी देवाऱ्यात आरती केली आणि मुख उघडले.

"भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "माझं मौन होतं. मी घासाघीस नाही केली, जप करत होते. तुमची फसगत नको व्हायला. यात तुमचं पोट भरतं ना? नसेल तर खरी किंमत सांगा, पाटल्या आहेत माझ्या."

थोरल्या महाराजांनी डोळे मिटून घेतले. शेठ भिजला रुमाल खिशात ठेवून म्हणाले, "भरतं, वहिनी. अडुसष्टात नीट भरतं. वरचं मी म्हाताऱ्या बाबांचा दम बघून सांगितलं होतं."

येणेप्रमाणे यंत्र अडुसष्ट हजारांत आले, पाटल्या हाती राहिल्या, आणि दिवेलागणीस थोरले महाराज पांघरूण मागते जाहले.