हसण्यास स्थगिती

लिफ्ट-तपासनीस महाशयांच्या मुलीला दमा आहे, असे बालरोगतज्ज्ञ बाईंनी सांगितले, तेव्हा ते डगमगले नाहीत. रोज ओढायचा पंप लिहून मिळाला, तेव्हाही त्यांनी समजूतदारपणे मान डोलावली. घरी येऊन खोक्यावरची बारीक अक्षरे वाचली मात्र, आणि ते मटकन खुर्चीत बसले.

"अगं, यात स्टेरॉइड आहे!"

"डॉक्टरांनी सांगितलं की तसं," बायको म्हणाली. "अगदी थोडं असतं, थेट फुप्फुसात जातं. नंतर चूळ भरायची, बस."

"आणि पोरीला मिशा फुटल्या म्हणजे?"

प्रकरण गंभीर असल्याने त्याच संध्याकाळी कौटुंबिक समिती नेमण्यात आली. अध्यक्षपद आत्याकडे गेले. तिच्या शेजारणीच्या जावेच्या माहेरी कुणाला तरी काहीतरी झाले होते. मामा व्यायामशाळेत जात असल्याने तज्ज्ञ सदस्य ठरले. बालरोगतज्ज्ञ बाईंना वगळण्यात आले, कारण वैद्यकीय शिक्षणामुळे त्यांचे मत एकतर्फी असण्याचा संभव होता. बायकोचा विरोध कौतुकाने ऐकून घेऊन फेटाळण्यात आला.

पंप कपाटावर गेला. धूळ नको म्हणून पडदे आणि गालिचा हटवला. मांजर मामांकडे हद्दपार झाले. खोकला मात्र घरातच राहिला. धावल्यावर तो वाढतो असे आढळल्याने धावण्यास बंदी आली. मग असे आढळले की, हसल्यावरही तो वाढतो. तेव्हा पुढील आदेशापर्यंत हसण्यास स्थगिती देण्यात आली.

"बाबा, मनातल्या मनात हसलं तर चालेल?" मुलीने विचारले.

"विचाराधीन आहे," बाबा म्हणाले.

पुढच्याच बैठकीत मामांना जोराची शिंक आली आणि चष्मा थेट आत्याच्या चहात पडला. मुलगी खळखळून हसली. हसता हसता खोकू लागली, खोकता खोकता तिला श्वास पुरेना. बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. समितीला त्यावर एकही ठराव सुचला नाही. तपासनीस पोरीला उचलून अनवाणीच दवाखान्याकडे पळाले.

तिथे मास्क लावला, औषध दिले. हळूहळू तिचा श्वास पूर्ववत झाला.

"पंपात स्टेरॉइड कणभर असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते नको म्हणालात, म्हणून आज त्याच जातीचं औषध त्याच्या कितीतरी पट पोटातून द्यावं लागलं. तुम्ही लिफ्टची देखभाल केव्हा करता हो? अडकल्यावर?"

"छे! नियमित करतो. अडकेपर्यंत थांबणारे गाढव..." तपासनिसांची नजर स्वतःच्या अनवाणी पायांवर गेली.

पंप खाली आला. काही आठवड्यांत मुलगी इतकी धावू लागली, की खालच्या मजल्यावरून तक्रार आली. तपासनिसांनी ती तक्रार सगळ्यांना अभिमानाने वाचून दाखवली.

पुढे मुलीच्या तपासणीच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर त्यांना एक गृहस्थ भेटले. कडेवर पोर, हातात तसलाच पंप आणि चेहऱ्यावर तीच भीती. तपासनिसांनी आपली सगळी फजिती काहीही हातचे न राखता सांगितली.

"पटलं बुवा," गृहस्थ म्हणाले. "तरी आणखी चार जणांना विचारून बघतो."

ते अजून विचारत फिरत आहेत. उद्या तुम्हालाही गाठतील. तुम्ही डॉक्टर नाही, हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे. पण म्हणून तुम्ही काय गप्प बसणार आहात?